कूलरच्या बोर्डावरील पिवळी पेटी : पंखा चालतो, पंपही चालतो, पण दोन्ही एकत्र चालत नाहीत

कोथरूडकर (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या घरी रिमोटवर चालणारा एक कूलर आहे. त्यात या उन्हाळ्यात एक दोष निर्माण झाला असून, तो शोधताना बोर्डावर मला ओळखता न आलेला एक भाग आढळला. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे येथील जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

प्लग लावून बटण दाबले की आकडे दाखवणारी पट्टी नीट उजळते, रिमोटला प्रतिसाद मिळतो आणि पंखा तिन्ही वेगांवर फिरतो. मात्र पंखा चालू असताना पाण्याच्या पंपाचे बटण दाबले की टक् असा आवाज होतो, आकडे क्षणभर मंद होतात आणि पंख्यासह सगळेच बंद पडते. त्यानंतर नुकताच प्लग लावल्याप्रमाणे कूलर पुन्हा मूळ स्थितीत येतो. पंखा बंद ठेवून नुसता पंप लावला, तर पंप चालतो. पंप बाहेर काढून वेगळ्या वायरने थेट विजेवर लावून पाहिला; तो पाणी व्यवस्थित उचलतो. घरी आलेल्या कारागिराने बोर्ड न उघडताच पूर्ण बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले, म्हणून मी तो स्वतः उघडून पाहिला.

बोर्डावर निळ्या रंगाचे चार रिले (विजेने चालू-बंद होणारे छोटे स्विच) आहेत, तीन पंख्याच्या वेगांसाठी आणि एक पंपासाठी. प्रत्येकावर २४ व्होल्ट डीसी असे छापलेले आहे. ट्रान्सफॉर्मर मात्र कुठेच दिसत नाही. विजेची वायर जेथे बोर्डावर येते, तेथे साधारण १८ मिलिमीटर लांबीची, पिवळ्या प्लॅस्टिकची, दोन पायांची एक पेटी आहे. तिच्यावर ‘एमकेपी’, ‘एक्स२’, ‘६८४के’ आणि ‘२७५ व्ही’ असे छापलेले असून बाजूला बारीक बारीक मानचिन्हांची गर्दी आहे. तिच्यानंतर एक जाड रेझिस्टर, चार डायोड, काचेचा एक छोटा डायोड आणि ४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा नळकांड्यासारखा कपॅसिटर (विजेचा साठा करणारा भाग) असा क्रम आहे. काचेच्या डायोडखाली बोर्ड तपकिरी पडलेला आहे. नळकांड्यासारखा कपॅसिटर नेहमीचा संशयित असल्याने तो नवा घातला, परंतु काहीही फरक पडला नाही. पिवळी पेटी दिसायला अगदी नवीन आहे. ती फुगलेली, तडकलेली किंवा काळवंडलेली नाही. ही पेटी नेमकी काय आहे आणि काय काम करते?

बोर्डदुरुस्ती

वर्णनावरून पंपाच्या रिलेची कॉइल, म्हणजे त्याला ओढणारी तारेची गुंडाळी, आतून शॉर्ट झाली असावी असे वाटते. अशी कॉइल प्रमाणाबाहेर प्रवाह ओढते आणि बाकीच्या मंडलाला वीज कमी पडते. रिले बदलून पाहावा.

प्रवाहिनी

बोर्डदुरुस्ती यांचा तर्क तपासण्यासारखा आहे, परंतु धागाकर्त्यांनी दिलेल्या एका माहितीशी तो जुळत नाही. पंखा बंद असताना नुसता पंप चालतो. पंपाच्या रिलेची कॉइल शॉर्ट असती, तर तो एकट्यानेही बोर्ड बंद पाडला असता. शिवाय पंख्याचे तिन्ही रिले एकेकटे नीट काम करतात. कोणताही एक रिले चालतो आणि कोणतेही दोन चालत नाहीत, म्हणजे दोष रिलेत नसून त्यांना वीज पुरवणाऱ्या भागात आहे. तो भाग एका रिलेचे ओझे कसेबसे पेलतो, दुसऱ्याचे पेलत नाही.

आता पिवळ्या पेटीविषयी. ती एक कपॅसिटर आहे. ‘६८४’ याचा अर्थ ६८ वर चार शून्ये, म्हणजे ६,८०,००० पिकोफॅरड, म्हणजेच ०.६८ मायक्रोफॅरड. ‘के’ म्हणजे या मूल्यात १० टक्के कमी-जास्त चालते. ‘एमकेपी’ म्हणजे पॉलिप्रोपिलीनच्या पातळ पडद्यावर धातूचा अतिशय विरळ थर देऊन केलेली बांधणी. ‘एक्स२’ ही सुरक्षिततेची श्रेणी असून २७५ व्होल्ट हा एसी दाब (व्होल्टेज) आहे.

आपल्या बोर्डावर ट्रान्सफॉर्मर दिसत नाही, याचे कारण हीच पेटी त्याची जागा घेते. घरात येणाऱ्या ५० हर्ट्झच्या विजेला ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ४,७०० ओहम इतका विरोध करतो. त्यामुळे २३० व्होल्टवर त्यातून जास्तीत जास्त ४९ मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो, आणि चार डायोडांच्या पुलातून एकदिश होऊन बाहेर पडताना तो सरासरी ४१ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. संपूर्ण बोर्डाला यापेक्षा अधिक प्रवाह मिळूच शकत नाही. काचेचा डायोड हा झेनर आहे; जो प्रवाह वापरला जात नाही तो गिळून तो दाब २४ व्होल्टवर रोखून धरतो. त्याच्याखालचा तपकिरी डाग त्या उष्णतेचा आहे.

पुढचे मोजमाप करण्यापूर्वी एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगायची आहे. ट्रान्सफॉर्मर असलेल्या मंडलात २४ व्होल्टची बाजू घरातील विजेपासून पूर्णपणे वेगळी असते. येथे तसे नाही. आपल्या बोर्डाचा प्रत्येक बिंदू, रिमोटचा संवेदक आणि बटणांचे पायसुद्धा, थेट घरातील विजेशी जोडलेला आहे. मल्टिमीटर २४ व्होल्ट दाखवत असला, तरी ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो बिंदू २३० व्होल्टचाच आहे. प्लग उलटा लावल्यानेही तो सुरक्षित होत नाही, कारण डायोडांच्या पुलामुळे ऋण बाजूदेखील प्रत्येक आवर्तनात काही काळ फेजला जोडली जाते. त्यामुळे प्लग काढलेला असताना मीटरच्या वायरी चिमट्यांनी नळकांड्याच्या दोन पायांना लावाव्यात, हात दूर घ्यावेत, मगच प्लग लावावा आणि काहीही न हाताळता आकडा वाचावा. टाकीतील पाणी आधी पूर्ण काढून कूलर कोरडा करावा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला नसेल, तर हे काम जाणकाराच्या उपस्थितीतच करावे.

तीन आकडे हवे आहेत. सगळे बंद असताना किती, फक्त पंखा चालू असताना किती, आणि पंपाचे बटण दाबल्यावर किती.

कोथरूडकर (धागाकर्ता)

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. घरात आरसीसीबी आहे आणि त्याचे चाचणीचे बटण दाबून तो उडतो हेही आधी पाहिले. सांगितल्याप्रमाणे चिमटे लावून मोजले. सगळे बंद असताना २४.१ व्होल्ट, पंखा चालू झाल्यावर १४ व्होल्ट. पंपाचे बटण दाबल्यावर आकडा झपाट्याने ७ च्या आसपास उतरतो आणि लगेच पुन्हा २४ वर चढतो. तोपर्यंत सगळे बंद पडलेले असते. पंखा चालू असताना २४ चे १४ झाले तरी रिले सुटत नाही, याचे आश्चर्य वाटते.

कसबेकर

मी घरगुती वायरिंगची कामे करतो. हा कपॅसिटर मिळण्यास अडचण येत असेल, तर पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर कोणत्याही दुकानात मिळतो. त्यावर ४४० व्होल्ट एसी असते, म्हणजे २७५ पेक्षा कितीतरी मजबूत. तो बाहेरून वायरीने जोडून देता येईल.

प्रवाहिनी

कसबेकर, दाब सहन करण्याच्या दृष्टीने तुमचे म्हणणे बरोबर आहे, परंतु येथे कपॅसिटरचे मूल्य हेच त्याचे काम आहे. अडीच मायक्रोफॅरडमधून एकदिश होऊन सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह येईल. सगळे बंद असताना बोर्डाला त्यातील फक्त ७-८ मिलिअँपिअर लागतात. उरलेला सर्व प्रवाह २४ व्होल्टवर झेनरला गिळावा लागेल, म्हणजे जवळजवळ साडेतीन वॅट उष्णता. काचेचा झेनर सहसा १ वॅटचा असतो. तो काही क्षणांत जळेल. शॉर्ट होऊन जळला तर बोर्ड नुसता बंद पडेल, पण उघडा पडला, म्हणजे आतून तुटला, तर दाब वर चढून नळकांड्याचा कपॅसिटर फुटेल. कृपया हा प्रयोग कोणीही करू नये.

कोथरूडकर, तुमच्या तीन आकड्यांनी दोष जवळजवळ निश्चित केला आहे. २४ व्होल्टच्या अशा छोट्या रिलेची कॉइल साधारण १,६०० ओहमची असते आणि पूर्ण दाबावर ती १५ मिलिअँपिअर घेते. दोन रिलेंचे ३० आणि बाकी बोर्डाचे ८ मिळून ३८ मिलिअँपिअर होतात. म्हणजे कपॅसिटर धडधाकट असताना मिळणाऱ्या ४१ मध्ये हे सगळे बसते, फार ऐसपैस नव्हे, पण बसते. आता तुमच्या १४ व्होल्टकडे पाहा. १४ व्होल्टवर एक रिले पावणेनऊ मिलिअँपिअर घेतो. त्यात बोर्डाचे ८ मिळवले, तर पिवळ्या पेटीतून एकूण १७ मिलिअँपिअरच येत आहेत. उलट गणित केले, तर कपॅसिटरचे सध्याचे मूल्य पाव मायक्रोफॅरडच्या किंचित वर निघते. माझ्या अंदाजाने निम्म्याहून अधिक क्षमता नष्ट झालेली आहे.

रिले सुटत का नाही, याचेही उत्तर यातच आहे. रिलेला ओढून घेण्यासाठी १८ व्होल्टच्या आसपास दाब लागतो, पण एकदा चिकटलेला रिले धरून ठेवण्यास त्याहून पुष्कळ कमी दाब पुरतो. बटण दाबण्याच्या क्षणी नळकांड्यात २४ व्होल्टची साठवण असते, तिच्या बळावर पहिला रिले ओढला जातो आणि नंतर १४ व्होल्टवरही टिकून राहतो. दुसरा रिले जोडला गेला की दाब ७ व्होल्टपर्यंत उतरतो. मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे बोर्डाचे नियंत्रण करणाऱ्या चिपला, ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरला आत किमान ७ व्होल्ट हवे असतात. ते मिळेनासे होताच मायक्रोकंट्रोलर नव्याने सुरू होतो आणि सर्व रिले सोडून देतो. रिले सुटले की ओझे नाहीसे होऊन दाब पुन्हा २४ वर येतो. तुम्ही पाहिलेला आकड्यांचा उतार आणि चढाव हाच आहे.

याच कारणाने अशा बोर्डाची तपासणी ओझ्याशिवाय कधीही करू नये. सगळे बंद असताना २४.१ व्होल्ट पाहून अनेक जण पुरवठा ठीक आहे असा निष्कर्ष काढतात, आणि मग निर्दोष रिले, रेग्युलेटर, शेवटी मायक्रोकंट्रोलर यांच्यावर संशय घेत पूर्ण बोर्ड बदलतात.

नवशिका

मी या विषयात नवा आहे, म्हणून एक मूलभूत प्रश्न विचारतो. या पेटीवर २०० व्होल्टहून अधिक दाब पडतो आणि तिच्यातून ४९ मिलिअँपिअर वाहतात. दोन्हींचा गुणाकार १० वॅटच्या आसपास येतो. एवढी उष्णता त्या छोट्या पेटीतून बाहेर कशी पडते? ती वितळत का नाही?

प्रवाहिनी

प्रश्न अगदी योग्य आहे. तेवढाच विरोध करणारा साधा रेझिस्टर तेथे लावला असता, तर त्यात खरोखरच सुमारे ११ वॅट उष्णता निर्माण झाली असती आणि तो बोटाला चटका देण्याइतका तापला असता. कपॅसिटरमध्ये मात्र प्रवाह आणि दाब एकाच वेळी शिखरावर येत नाहीत. दाब शून्यावरून चढत असतो तेव्हा प्रवाह सर्वाधिक असतो, आणि दाब शिखरावर पोहोचतो तेव्हा प्रवाह शून्य झालेला असतो. आवर्तनाच्या एका चतुर्थांशात कपॅसिटर ऊर्जा घेतो आणि पुढच्या चतुर्थांशात तीच परत करतो, म्हणून उष्णतेच्या रूपाने जवळजवळ काहीच वाया जात नाही. ट्रान्सफॉर्मरपेक्षा स्वस्त, हलके आणि न तापणारे असे हे मंडल उत्पादकांना प्रिय असण्याचे कारण हेच आहे. त्याची किंमत आपण विजेपासून वेगळेपण गमावून मोजतो.

निवृत्त तंत्रज्ञ

प्रवाहिनी यांनी निदान अचूक केले आहे. मी त्यात फक्त एका प्रश्नाची भर घालतो : हा कपॅसिटर बाहेरून नवा दिसत असताना आतून का झिजतो? अनेक वर्षे बोर्ड दुरुस्त केल्यानंतर मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर कळले की कोणता भाग कोठे विकत घ्यावा हे आपोआप कळते.

पॉलिप्रोपिलीनच्या पडद्यावर दिलेला धातूचा थर इतका विरळ असतो की पडद्यात एखाद्या ठिकाणी ठिणगी पडून छिद्र झाले, तर त्या छिद्राभोवतीचा धातू तत्क्षणी वाफ होऊन उडून जातो. छिद्र राहते, पण त्याच्या काठावर धातू नसल्यामुळे शॉर्ट होत नाही आणि कपॅसिटर काम करत राहतो. ही स्वतःला सावरण्याची क्षमता मुद्दाम दिलेली असते. एक्स वर्गातील कपॅसिटरचे मूळ काम फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये आडवे बसून विद्युत गोंगाट शोषणे हे आहे. तेथे तो शॉर्ट झाला तर आग लागू शकते, म्हणून कोणत्याही परिस्थितीत शॉर्ट न होणे हा त्याचा पहिला धर्म मानला जातो. एक्स२ श्रेणीसाठी २,५०० व्होल्टच्या क्षणिक झटक्यांची चाचणी घेतली जाते, एक्स१ साठी ४,००० व्होल्टच्या.

प्रत्येक सावरण्यात धातूचा एक बारीक ठिपका कायमचा जातो, आणि त्याबरोबर क्षमतेचा तितकाच अंश. गोंगाट शोषण्याच्या कामात ०.६८ चे ०.५ झाले तरी कोणाचे काही बिघडत नाही. परंतु बोर्डाच्या उत्पादकाने तोच कपॅसिटर एकसर जोडणीत, म्हणजे प्रवाहाच्या वाटेतच बसवून, प्रवाह ठरवण्यासाठी वापरला की प्रत्येक गेलेला ठिपका थेट बोर्डाच्या अन्नातून वजा होतो. एकसर जोडणीसाठी, मूल्य दीर्घकाळ स्थिर राहील अशा वेगळ्या मालिका कपॅसिटरचे मोठे उत्पादक बनवतात. त्या महाग पडतात, म्हणून घरगुती उपकरणांत क्वचितच दिसतात. मला हे मनापासून खटकते. काही रुपयांच्या बचतीसाठी चांगली उपकरणे भंगारात जातात.

कूलरमध्ये आणखी एक कारण भर घालते. दमट हवा प्लॅस्टिकच्या पेटीतून आणि पायांच्या कडेने हळूहळू आत शिरते, आणि ओलावा व दाब एकत्र आले की धातूचा थर काठाकडून गंजत आत सरकतो. कूलरचा बोर्ड वर्षातील काही महिने ओल्या गवतामागच्या हवेत असतो आणि पुढे पुण्याचा पावसाळा माळ्यावर काढतो. त्याच मूल्याचा कपॅसिटर कोरड्या जागी याहून किती तरी अधिक काळ टिकतो. म्हणून विकत घेताना दमट हवेसाठी बनवलेला, म्हणजे ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत चाचणी घेतलेला प्रकार मिळाला, तर थोडे अधिक पैसे देऊन तोच घ्यावा.

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि तपकीर गल्लीच्या आसपास सुटे भाग विकणारी दुकाने आहेत. दुकानदारास ‘०.६८ एक्स२, २७५ व्होल्ट एसी’ असे स्पष्ट सांगावे. ‘४०० व्होल्टचा आहे, चालून जाईल’ असे म्हणून साधा पडद्याचा कपॅसिटर पुढे केला, तर घेऊ नये. तो आकडा डीसीचा असतो. आपल्या विजेचे शिखर ३२५ व्होल्टचे असते आणि मोटार बंद होण्याच्या क्षणी येणारे झटके त्याच्या कितीतरी पट असतात. साधा कपॅसिटर ते काही काळ सहन करतो आणि मग शॉर्ट होतो. जुना कपॅसिटर काढून बरोबर न्यावा, कारण पायांमधील अंतर १५ मिलिमीटर आणि २२.५ मिलिमीटर अशा दोन मापांत मिळते. मीटरवर क्षमता मोजण्याची सोय असेल, तर नवा भाग दुकानातच मोजून घ्यावा. वर्षानुवर्षे खोक्यात पडून राहिलेला माल मी पाहिलेला आहे.

बोर्डदुरुस्ती

हे स्पष्टीकरण वाचून समाधान झाले. एक सुचवतो. ०.६८ ऐवजी १ मायक्रोफॅरडचा एक्स२ घातला, तर पुढे झीज होण्यास अधिक वाव राहील आणि हा दोष पुन्हा लवकर येणार नाही.

निवृत्त तंत्रज्ञ

कल्पना आकर्षक आहे, परंतु झेनर ती सहन करणार नाही. १ मायक्रोफॅरडमधून ६० मिलिअँपिअर येतात. सगळे बंद असताना झेनरला ५० हून अधिक मिलिअँपिअर घ्यावे लागतील, म्हणजे सव्वा वॅट, आणि ही अवस्था कूलर प्लगला लावलेला असेपर्यंत अखंड राहते. ०.६८ वरसुद्धा त्याच्या वाट्याला पाऊण वॅटच्या वर उष्णता येते; तपकिरी डाग त्याची साक्ष देतो. झेनर बदलायचाच असेल, तर नवा झेनर बोर्डाला चिकटवून न बसवता पाय थोडे लांब ठेवून उचलून बसवावा, म्हणजे हवा खेळती राहते. मूल्य मात्र छापील तेवढेच ठेवावे.

आणखी एक. पेटीनंतरचा जाड रेझिस्टर बहुधा ४७ ओहमच्या आसपासचा असेल. दाब शिखरावर असतानाच प्लग लागला, तर रिकामा कपॅसिटर क्षणभर सरळ वायरीसारखा वागतो, आणि हा रेझिस्टर तो लोंढा ७ अँपिअरच्या आत ठेवतो. कपॅसिटर कधी शॉर्ट झालाच, तर फ्यूजप्रमाणे स्वतः तुटून तो बाकी बोर्ड वाचवतो. तो उडालेला आढळला, तर त्याच्या जागी वायरीचा तुकडा किंवा वाटेल तो रेझिस्टर लावू नये. ज्वाला न पकडणारा, फ्यूजसारखा तुटणारा प्रकारच लावावा.

सोसायटीचा जिना

आमच्या सोसायटीच्या जिन्यात माणसाची चाहूल लागताच लागणारे दिवे आहेत. त्यांपैकी काहींचे रिले सतत कटकट करतात आणि दिवा लागतो-विझतो. हा धागा वाचून एक उघडला. आत तशीच पेटी आहे, फक्त तिच्यावर ४७४ छापलेले आहे. तोच दोष असू शकतो का?

प्रवाहिनी

होय, लक्षण त्याच दोषाचे आहे. रिले ओढला जातो, दाब कोसळतो, मंडल सुरुवातीपासून चालू होते आणि पुन्हा रिले ओढते. म्हणून कटकट ऐकू येते. ४७४ म्हणजे ०.४७ मायक्रोफॅरड. काढून मोजा. १० टक्क्यांची मुभा धरूनही ते ०.४२ च्या खाली असेल, तर बदलण्यास हरकत नाही, ०.३ च्या खाली असेल, तर दोष तोच समजावा. जिन्यातील दिव्याचा बोर्ड उघडताना केवळ दिव्याचे बटण बंद करून थांबू नये, त्या मजल्याचा एमसीबी उतरवावा. बटण न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर बंद अवस्थेतही बोर्डावर फेज राहतो.

कोथरूडकर (धागाकर्ता)

जुना कपॅसिटर काढून मोजला. मूल्य ०.२७ मायक्रोफॅरड निघाले. प्रवाहिनी, आपण कपॅसिटर न पाहता, केवळ १४ व्होल्ट या एका आकड्यावरून ‘पावच्या किंचित वर’ असे सांगितले होते. हा भाग हाताळून नव्हे, तर गणिताने सापडला, याचा मला फार आनंद झाला.

काढण्यापूर्वी तो रिकामा झाला आहे का, हे पाहताना एक गोष्ट आढळली, ती येथे नोंदवतो. पेटीच्या दोन पायांना समांतर, बोर्डाच्या खालच्या बाजूस दोन चिमुकले रेझिस्टर एकापुढे एक बसवलेले आहेत. दोघांवरही ४७४ आहे, म्हणजे प्रत्येकी ४७० किलोओहम. प्लग काढल्यावर पेटीत उरलेला विजेचा साठा सावकाश ओतून टाकण्यासाठी ते असावेत असे मी समजलो. मोजल्यावर त्यांतील एक पूर्णपणे तुटलेला निघाला. त्याचा मूळ दोषाशी संबंध असेल का?

नवा कपॅसिटर बुधवार पेठेत मिळाला. पहिल्या दुकानात ४०० व्होल्ट डीसीचाच प्रकार होता, तो घेतला नाही. पुढच्या दुकानात एक्स२ मिळाला, तोही १५ मिलिमीटर अंतराचा. दुकानदारांनी स्वतःच्या मीटरवर मोजून दाखवला, ०.६७ भरला.

निवृत्त तंत्रज्ञ

मूळ दोषाशी संबंध नाही, परंतु तुमच्या सुरक्षिततेशी थेट आहे. ते दोन्ही रेझिस्टर धड असताना पेटी साधारण तीन-चार सेकंदांत रिकामी होते. एक जरी तुटला, तरी साठा तसाच राहतो. प्लग उपसल्यावर त्याच्या पितळी पिनांना बोट लागले, तर ३२५ व्होल्टपर्यंतचा झटका बसू शकतो. ऊर्जा थोडी असल्याने तो सहसा जिवावर बेतत नाही, पण हात झटक्यात मागे येतो आणि कूलरच्या पत्र्यावर किंवा पंख्याच्या पात्यावर आदळतो. कपॅसिटर बदलताना ते दोन्ही रेझिस्टरही नवे घालावेत. एकाच रेझिस्टरवर पूर्ण दाब पडू नये म्हणून ते दोन केलेले असतात, त्यामुळे दोनांऐवजी एक मोठा घालून काम भागवू नये.

यापुढे असा कोणताही बोर्ड हातात घेतल्यावर रेझिस्टर आपले काम करत आहेत असे गृहीत धरू नये. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून पेटीच्या पायांना लावावा, काही असेल तर १० किलोओहमच्या रेझिस्टरने ओतून टाकावे आणि पुन्हा मोजावे. पेचकसाने दोन पाय जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्रास दिसते. तिने पडद्यावरील धातू पायांजवळून सुटतो आणि नवा कपॅसिटरही जुन्यासारखा होतो.

नवशिका

बोर्ड परत बसवताना ओलाव्यापासून वाचवण्यासाठी त्यावर खिडकीला लावतात ते सिलिकॉन लावले तर चालेल का?

प्रवाहिनी

व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मुळीच लावू नये. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि ते तांब्याच्या रेषा व सोल्डरचे सांधे गंजवते. बोर्डासाठी मिळणारे संरक्षक लॅकर किंवा आम्ल न सोडणारे, म्हणजे तटस्थ प्रकारचे सिलिकॉन वापरावे. त्याआधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसून पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर ओलावा आवरणाखालीच कोंडला जातो. रिलेची झाकणे, झेनर आणि जाड रेझिस्टर यांवर लेप देऊ नये.

कोथरूडकर (धागाकर्ता)

कपॅसिटर आणि दोन्ही छोटे रेझिस्टर बदलले. सगळे बंद असताना २४.१ व्होल्ट, पंखा चालू असताना २४.१, पंखा आणि पंप दोन्ही चालू असताना २३.९. तिन्ही वेगांवर पंप चालतो आणि आकडे मंद होत नाहीत. प्लग काढल्यावर पेटीवरील दाब मीटरवर पाहिला. चौथ्या सेकंदापर्यंत तो जवळजवळ शून्यावर येतो. लॅकर आणल्यावर सांगितल्याप्रमाणे लावेन. झेनर तूर्त तसाच ठेवला आहे, कारण त्याचे २४.१ स्थिर आहेत.